नव्व्याण्णव वेळा धुतलेले तूप

जी वस्तू अपाय करते तिच्यावर सरकारने फार लक्ष ठेवायचं कारण नसतं. विंचवापासून लोक आपोआप लांब राहतात आणि उकळत्या कढईत कुणी हौसेने कोपर बुडवत नाही. काळजी घ्यावी लागते ती निरुपद्रवी वस्तूंची. एखाद्या वस्तूने चारशे वर्षं कुणाचं काही वाकडं केलेलं नसेल, तर तिचा पुढचा बेत काय आहे हे कुणाला ठाऊक? लोक बेसावध असतात. निदान राज्यकर्त्यांनी तरी जागं राहायला हवं.

शके सोळाशे नव्वदच्या सुमाराला ही गोष्ट पुण्यात एकाच माणसाच्या लक्षात आली. ते आमचे पूर्वज, यज्ञेश्वरपंत. त्यांनी कसबा पेठेत 'लेपखाते' चालवलं आणि माणसाच्या कातडीला जे लावलं जातं ते सुरक्षित आहे की नाही याची जगातली पहिली सरकारी चौकशी केली (निदान आमच्या घरात तरी ती पहिलीच मानतात). मी स्वतः एकतीस वर्षं सरकारी नोकरीत जावक विभाग सांभाळला आहे, त्यामुळे काम कशाला म्हणतात हे मला कळतं. पंतांनी केलं ते काम होतं. ज्यांना हसू येईल त्यांनी खुशाल हसावं. हसणाऱ्यांच्या अर्जांचं पुढे काय होतं ते मी नोकरीत पाहिलेलं आहे.

तर वस्तू होती धुतलेलं तूप. साजूक तूप तांब्याच्या परातीत घ्यायचं, वर गार पाणी ओतायचं आणि तळहाताने फेटत राहायचं. पाणी गढूळ झालं की ओतून द्यायचं, नवं घ्यायचं. असं शंभर वेळा. हात भरून येतो, पाठ धरते, पण शेवटी परातीत जे उरतं ते पांढरंशुभ्र, हलकं, गारेगार मलम असतं, आणि त्याला तुपाचा वाससुद्धा फारसा राहत नाही. भाजलं, पोळलं, उन्हाने कातडी सोलली, टाचेला भेग पडली, तान्ह्याच्या मांडीला पुरळ आलं, की लावा धुतलेलं तूप. त्या काळी कसब्यात शंभर घरांपैकी अठ्ठ्याण्णव घरांत त्याची डबी असे (उरलेली दोन घरं शेजारून मागून नेत आणि परत करत नसत).

तांबट आळीचं तर त्याच्यावाचून पान हलत नव्हतं. दिवसभर भट्टी पेटलेली, पत्रे लाल झालेले, ठोक्यावर ठोका. दर माणशी दरमहा अडीच चटके, असा पंतांच्या दफ्तरातला आकडा आहे (अर्धा चटका म्हणजे तोंडून शिवी गेली, पण फोड आला नाही, असा). या सगळ्या आळीला मलम पुरवायची ती मैना, दत्तोबा तांबटाची बायको. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण तिची मोजणी अशी की भल्याभल्या कारकुनांनी शिकावी. समोर दोन वाट्या. डावीकडच्या वाटीत शंभर चिंचोके. पाणी एकदा बदललं की एक चिंचोका उजवीकडे. मध्येच कुणी हाक मारो, दूध उतू जावो, सासूचा पारा चढो, आकडा चुकायचा नाही. डावी वाटी रिकामी झाली की मलम झालं. बास.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे चौकशीची नितांत गरज होती. फक्त तक्रार हवी होती. ती अधिक महिन्यात आली.

शहरातल्या एका वजनदार गृहस्थांचे जावई, गोपाळकृष्णपंत, धोंड्याच्या महिन्याचे अनारसे खायला सासरी आले होते. दुपारचं जेवण झाल्यावर त्यांनी रंग उजळावा म्हणून धुतलेलं तूप गालांना, नाकाला आणि मिशीला जाडसर थापलं आणि ओसरीवर ताणून दिली. सासरी एक मांजर होतं. मांजराने आधी डावा गाल साफ केला, मग उजवा. मिशीपाशी पोचल्यावर जावईबापूंनी झोपेत हात उडवला आणि मांजराने आपला हक्क बजावला. एवढंच झालं. घरातल्या सोळा माणसांनी ते पाहिलं आणि सोळाही जणं आतल्या खोलीत जाऊन तोंडात पदर किंवा उपरणं कोंबून हसली.

जावईबापूंनी अर्ज दिला तो असा: 'लेप लावून निजलो असता घटकाभरात नाकावर तीन ओरखडे उठले व मिशीचे डावे अंग विरळ झाले. सबब लेप घातक असे.' अर्जात मांजर नाही. जावयाचं तोंड मांजराने चाटलं, हे सासरच्या पत्त्यावरून लिहून देणं कोणत्याही स्वाभिमानी जावयाला अवघडच जाणार.

पुढच्या सोमवारी लेपखातं सुरू झालं. कसब्यात एका ओसरीवर बैठक घातली गेली. अध्यक्ष यज्ञेश्वरपंत, विद्वान म्हणून दिगंबरशास्त्री आणि पाच कारकून. (पंतांना कातडीबद्दल काय माहिती होती, असं विचारणारे तेव्हाही होते. त्यांना आधी घोड्यांच्या चंदीचं, म्हणजे दाणावैरणीचं, काम होतं. घोड्याला कातडी असते.) पहिल्याच दिवशी सकाळी हुकूम निघाला: 'शंभर वेळा धुतलेले तूप हा पदार्थ सुरक्षित ठरेपावेतो कोणी करू नये, देऊ नये, लावू नये.' दुपारच्या आत पेठेतून चौऱ्याहत्तर डब्या जप्त झाल्या, त्यातल्या अकरा मैनेच्या. पंतांनी स्वतः बसून प्रत्येक डबीच्या तोंडावर कापड बांधलं, गाठीवर तापलेली लाख ओतली आणि वर मोहोर उठवली. हे काम ते दुसऱ्या कुणाला देत नसत. मला त्यांचा याबद्दल फार अभिमान वाटतो.

आता योगायोग बघा. त्याच दुपारी दत्तोबाच्या सांडशीतून तापलेल्या घंगाळाचा बुडखा निसटला. तो खाली कुणाच्या पायावर पडू नये म्हणून दत्तोबाने उजवा हात पुढे केला. तळहात आणि चार बोटं भाजली. मैनेने हात गार पाण्याच्या हंड्यात बुडवला, सवयीने फळीकडे पाहिलं, आणि फळी रिकामी.

तांबटाचा उजवा हात म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. कातडी कोरडी पडून आखडली की बोटं वळत नाहीत. बोटं वळली नाहीत तर मूठ होत नाही आणि मूठ नाही तर हातोडा नाही. आळीत अशी दोन माणसं होती. ती दिवसभर दुसऱ्यांचे भाते ओढत बसायची. दत्तोबा त्यांच्याकडे बघत नसे, आणि त्या दिवशी तर त्याने मुळीच बघितलं नाही.

मैना तशीच लेपखात्यावर आली.

"अहो पंत, घरात हात भाजलाय. माझ्याच डब्या आहेत तुमच्याकडं. त्यातली एक द्या."

"बाई, त्या तुमच्या डब्या होत्या. आता तो पुरावा आहे."

"पुरावा लावला तर फोड बसेल ना?"

"हेच तर शोधायचं आहे आम्हाला," पंत प्रसन्न होऊन म्हणाले. बाई अडाणी असूनही नेमका मुद्दा तिने धरला होता.

"शोधायला किती दिवस लागतील?"

"घाईत चूक व्हायची. सात-आठ महिने धरा."

"तोवर ह्यांची बोटं आखडतील. मग हातोडा कशानं धरायचा, कपाळानं?"

पंतांनी कारकुनाकडे मान वळवली. "लिहा. कपाळाने हातोडा धरता येतो किंवा कसे, याची चौकशी स्वतंत्र व्हावी."

मैना तरातरा परत गेली. तिचा राग आळीच्या टोकापर्यंत ऐकू आला, असं म्हणतात, पण तो दफ्तरी नोंदलेला नाही.

चौकशीत कसलीही कुचराई झाली नाही हे मला इथे ठासून सांगायचं आहे. दिगंबरशास्त्र्यांनी पहिल्याच दिवशी मुळाला हात घातला. तूप सुरक्षित आहे का? आहे, लोक खातात. पाणी सुरक्षित आहे का? आहे, हौदाचं आहे. मग दोन्ही एकत्र फेटली तर? इथे शास्त्रीबोवा थांबले आणि त्यांनी डोळे मिटले. (ते जागे होईपर्यंत कामकाज तहकूब होतं.) त्यांनी दिलेला अभिप्राय असा, की सुरक्षित अधिक सुरक्षित म्हणजे सुरक्षितच, असं मानायला आधार नाही. उदाहरणार्थ, सासू सुरक्षित आहे आणि सूनही सुरक्षित आहे.

मग खात्याने स्वतः मलम करून बघायचं ठरवलं. पाळीपाळीने एक कारकून फेटणारा, चार मोजणारे. एकसष्टाव्या पाण्याला मोजणाऱ्यांत दोन तट पडले. दोघे म्हणाले एकसष्ट, दोघे म्हणाले एकोणसाठ. फेटणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मी मोजायच्या कामावर नाही." पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. असं चार वेळा झालं. चिंचोके वापरावेत अशी सूचना एका कारकुनाने दबक्या आवाजात केली होती, पण चिंचोके हे मोजमापाचं मान्य साधन नाही म्हणून ती फेटाळली गेली. चार दिवसांत एकही मलम पुरं झालं नाही. पाचही कारकुनांचे तळवे मात्र इतके मऊ झाले की बोरू हातात ठरेना. ही गोष्ट अपाय म्हणून नोंदवली गेली.

मधल्या काळात बुधवारी जप्त डब्यांपैकी एक उघडून अकरा धडधाकट माणसांच्या मनगटावर मलम लावून पाहिलं. कुणालाच कुठे भाजलेलं नव्हतं, त्यामुळे कुणालाच बरं वाटलं नाही. शेरा पडला: 'अपाय शून्य. उपाय शून्य. पदार्थ संशयास्पद.' मग शास्त्रीबोवांनी सुचवलं की प्रयोगाला भाजलेला माणूस पाहिजे. हे सुचायला तीन दिवस लागले म्हणून कुणी नाक मुरडू नये. मी ज्या खात्यात होतो तिथे याला एक वर्ष लागलं असतं.

भाजलेला माणूस दोन गल्ल्या पलीकडे होता. दत्तोबाला बोलावलं. तो हाताला ओलं फडकं गुंडाळून आला. चेहरा काळाठिक्कर पडला होता, पण पंतांसमोर कण्हायचं नाही एवढं त्याने ठरवलेलं दिसत होतं.

"हा चालायचा नाही," शास्त्रीबोवा म्हणाले. "मलम करणारीचा हा नवरा आहे."

"मी माझ्याच बायकोचा नवरा असणार ना, महाराज," दत्तोबा म्हणाला.

"तोच दोष आहे. तुला बरं वाटलं, तरी तू बायकोच्या धाकाने बरं वाटलं म्हणशील."

"आणि आग होते असं म्हणालो तर?"

"तर ते मात्र ग्राह्य धरू."

दत्तोबाने फडकं नीट केलं, डावा हात कपाळाला लावून रामराम केला आणि निघाला. (हाताची आग किती आहे, केव्हापासून आहे, हे त्याला कुणी विचारलं नाही. तो मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.) मग निःपक्षपाती भाजलेला माणूस मिळावा म्हणून पेठेत दवंडी पिटली. कुणी आलं नाही. कारकुनांपैकी एकाने स्वखुशीने भाजून घ्यावं, असं पंतांनी सुचवून पाहिलं. एकाच्या घरी सोयर निघालं, एकाचा चातुर्मासाचा नेम निघाला, एकाची आई आजारी पडली, एकाला आपल्या मुंजीची आठवण होऊन गहिवरून आलं आणि पाचवा दिसेनासा झाला.

दवंडीचा एक उपयोग मात्र झाला. दवंडीवाल्याने आधीचा हुकूमही मोठ्याने वाचला आणि तो मैनेने दारात उभं राहून, शब्दाला शब्द लावून, पहिल्यांदाच पुरा ऐकला. गुरुवारी सकाळी ती पुन्हा ओसरीखाली हजर.

"अहो पंत, हुकमात शंभर म्हटलंय. म्हणजे शंभरच ना?"

"हुकूम स्पष्ट आहे, बाई. शंभर."

"एकशे एक वेळा धुतलं तर?"

पंतांनी शास्त्रीबोवांकडे पाहिलं. शास्त्रीबोवा म्हणाले, "एकशे एकाच्या पोटात शंभर येतातच. तेही बंद."

"आणि नव्व्याण्णव?"

पंत आणि शास्त्रीबोवांत खलबत झालं. जुने कागद काढले गेले. अखेर पंतांनी गंभीरपणे निवाडा दिला, आणि तो मी आमच्या घराण्यातला सर्वांत शुद्ध निवाडा मानतो. "नव्व्याण्णव वेळा धुतलेले तूप हा पदार्थ या कचेरीला ठाऊक नाही. जो पदार्थच ठाऊक नाही, तो बंद कसा करणार?"

"बरं," मैना म्हणाली.

घरी जाऊन तिने डाव्या वाटीतला एक चिंचोका उचलला, खिडकीतून बाहेर फेकला आणि परात पुढे ओढली. संध्याकाळच्या आत मलम दत्तोबाच्या हातावर होतं. तो भिंतीला टेकला, चार दिवसांत पहिल्यांदा त्याने खांदे सैल सोडले आणि "आई गं" म्हणाला. त्याला लागोपाठ दुसरंही काही म्हणायचं होतं, पण तेवढ्यात झोप लागली.

पुढचे अठरा दिवस मैना रोज तेल्याच्या घाण्यासारखं न थांबता तेच करत होती: जुनं मलम पुसायचं, नवं लावायचं, एकेक बोट हळूच वळवायचं. दत्तोबा ओरडायचा, ती त्याच्याहून मोठ्याने ओरडायची. एकोणिसाव्या दिवशी त्याने मूठ मिटली. पुरी मिटली नाही, करंगळी जरा बाहेर राहिली, पण हातोड्याच्या दांड्याला करंगळी लागत नाही. मैना त्याच्याकडे पाठ करून चुलीपाशी बसली आणि हमसून हमसून रडली. मग उठून त्याला म्हणाली, "पुन्हा घंगाळ धरायला हात पुढं केलात तर मीच भाजीन तुम्हाला."

एव्हाना सगळी तांबट आळी नव्व्याण्णववर चालली होती. खात्याला याचा पत्ता नव्हता, कारण खातं मोहोर तपासण्यात गुंतलं होतं. मोहोरबंद डबीत मलम जागेवर आहे की नाही, हे मोहोर न फोडता कसं कळणार? म्हणून दर आठवड्याला मोहोरा फोडून, आत पाहून, पुन्हा लाख ओतायची असा नियम होता. चौथ्या आठवड्यात एकावन्नाव्या डबीवर पंतांचा हात हलला आणि वितळलेली लाख अंगठ्यावर पडली.

लाख ओली असताना झटकता येत नाही आणि वाळली की कातडीसकट निघते. पंतांनी असा आवाज काढला की शास्त्रीबोवांचं चिंतन मोडलं. पंतांच्या पुढ्यात, हाताच्या अंतरावर, चौऱ्याहत्तर डब्या मलम होतं. एकाही डबीला हात लावायची सोय नव्हती. हुकूम त्यांचाच होता. पाच कारकून पाळीपाळीने अंगठ्यावर फुंकर घालत राहिले आणि शेवटी पंतांनी उपरणं डोक्यावरून घेतलं आणि भर दुपारी मागच्या बोळाने तांबट आळी गाठली.

मैना दारातच होती. तिने अंगठा बघितला, उपरणं बघितलं.

"अर्ज आणलात?"

पंत अगदी हळू म्हणाले, "बाई, फार आग होते आहे हो."

"होते ना?" मैना म्हणाली. तिला आणखी बरंच बोलायचं होतं. महिनाभर तिने ते घोकून ठेवलं होतं, पण समोर माणूस तळमळत असताना तिला ते बोलता येईना, आणि याचा तिला स्वतःचाच राग आला. तिने फळीवरून डबी काढली. "बसा. हात पुढे करा. आणि घाबरू नका, हे शंभराचं नाही."

आतून ठोक्यांचा आवाज येत होता. दत्तोबा हंड्याचा गळा ठोकत बसला होता. पंतांनी तो आवाज ऐकला, त्या हाताकडे बघितलं आणि मान खाली घातली. डोळ्यांतून पाणी आलं (भट्टीच्या धुराने).

पंत प्रामाणिक होते. त्यांनी अंगठ्याचा वृत्तान्त अहवालात घातला: 'अध्यक्षांचा अंगठा पोळला होता तो सात दिवसांत बरा झाला. कशाने बरा झाला हे लिहिता येत नाही, कारण जे लावले तो पदार्थ कचेरीला ठाऊक नाही.' तरीही त्या अंगठ्याने चौकशीला गती आली. आठ महिन्यांचं काम सहा आठवड्यांत आटोपलं. निकाल असा, की शंभर वेळा धुतलेले तूप सुरक्षित आहे, फक्त ते लेपखात्याच्या देखरेखीखाली झालेलं असावं आणि डबीवर खात्याचा शिक्का असावा. शिवाय सतरा अटी. बारावी अट, लेप लावून निजू नये, निजल्यास जागे राहावे. मांजराचा उल्लेख याही कागदात नाही. त्याने दोन्ही गाल चाटूनपुसून खाल्ले होते आणि ते पुढे अकरा वर्षं ठणठणीत जगलं. ही त्या मलमाची झालेली सर्वांत पक्की परीक्षा, पण परीक्षकाने लेखी जबाब दिला नाही.

मग डब्या हव्या होत्या, तांब्याच्या, झाकणावर शिक्का उठवलेल्या. शिक्क्याचं चित्र म्हणून, चौकशीच्या यशाची आठवण राहावी या हेतूने, पंतांचा उभा अंगठा निवडला गेला. काम कुणाला द्यायचं? आळीत सगळ्यांत सफाईदार हात दत्तोबाचा होता. त्या बऱ्या झालेल्या हाताने त्याने सहाशे डब्यांवर सहाशे अंगठे ठोकले.

आत भरायचं मलम खात्याने केलं. शंभर वेळा धुण्यात फार वेळ जातो, हे अनुभवाने कळलं होतं. शास्त्रीबोवांनी तोड काढली. चार कारकून, चार पराती, प्रत्येकाने पंचवीस वेळा धुवायचं. चार पंचवीस शंभर. हिशेब बिनचूक होता. मलम जरासं पिवळट होतं, वास खमंग येत होता आणि उन्हात ते डबीतून ओघळत होतं, पण झाकणावर अंगठा होता.

पुण्याने रांगा लावल्या. सकाळपासून ओसरीखाली माणसं उभी. मैनेकडे येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या. एकजण तर दारावरून जाताना थांबून म्हणाली, "तुझं चांगलंच असतं गं मैने, आम्हाला काय ठाऊक नाही का! पण त्याच्यावर काही नसतं ना."

"नसतं," मैना म्हणाली. "आत असतं."

ती हे रागाने बोलली, पण बाई हसून पुढे गेली. तांबट आळी मात्र हलली नाही. तिथे माणसं खरोखर भाजत होती, त्यांना हौस परवडणारी नव्हती. आणि आणखी एक घर हललं नाही. दर पंधरवड्याला, भर दुपारी, मागच्या बोळाने एक उपरणं येई आणि बिनशिक्क्याची डबी घेऊन जाई.

ते आमचं घर. आमच्यात ते मलम अजून करतात. पंतांनी घालून दिलेला कुळाचार असा, की नव्व्याण्णव वेळा धुवायचं आणि थांबायचं. शंभरावं धुणं आमच्यात करत नाहीत. आमची ही परात घेऊन बसली की शेजारी दोन वाट्या असतात आणि चिंचोके मोजून नव्व्याण्णव. एक जास्त पडला तर ती तो उचलून खिडकीतून बाहेर टाकते. खाली पार्किंग आहे, सोसायटीच्या तक्रारी येतात.

मागच्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरची नीरजा कुठल्याशा ट्रेकला जाऊन आली, आणि नाक, गाल सगळं भाजून लालबुंद. मी आमच्यातली एक डबी दिली. तिने झाकण उघडून बघितलं, लांब धरलं आणि म्हणाली, "काका, थँक्स, पण हे सेफ आहे का? म्हणजे, डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड वगैरे?" मी म्हटलं, मांजरावर झालंय. ती डबी परत ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी मी सुनेची संपलेली क्रीमची बाटली धुऊन घेतली. झाकण रुपेरी, अंगावर बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं. त्यात तेच मलम भरलं आणि नीरजाकडे पाठवलं. आठवड्याने ती जिन्यात भेटली. नाक शाबूत, चेहरा टवटवीत. "काका, ते जबरदस्त आहे! कुठून मागवलंत? लिंक पाठवा ना."

मी लिंक पाठवली नाही. पंतांना मनोमन नमस्कार केला.

तुम्हाला नीरजाचं हसू आलं असेल. हसा. पण तुम्हीसुद्धा पहिल्या ओळीपासून मला पारखून बघताय, ते काय मला कळत नाही? लेपखातं खरंच होतं का, हे दफ्तर कुठे आहे, हा म्हातारा रचून तर सांगत नाही ना, अशा शंका एकामागून एक काढताय. चांगली सवय आहे. आज सकाळी अंघोळीनंतर जे तोंडाला फासलंत, त्याला मात्र यातला एकही प्रश्न विचारला नाहीत. तुमचं तरी काय चुकलं? त्याच्यावर शिक्का होता, आणि माझ्यावर नाही.